रंकाळा तलाव

कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगाला असलेला ऐतिहासिक तलाव. अंबाबाईच्या देवळापासून तो चालत पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. कोल्हापूर एकेकाळी तळ्यांचे गाव होते. त्यांतल्या कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई भरते, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि पद्माळा नावापुरता उरला. शहर वाढले तशी तळी बुजत गेली. कोटितीर्थ आणि रंकाळा मात्र टिकले. त्यांतही रंकाळा आकाराने मोठा आणि लोकांच्या जिव्हाळ्याचा.

रंकाळ्याचे मूळ दगडाच्या खाणीत असल्याचे मानतात. आठव्या-नवव्या शतकात मोठा भूकंप झाला, खाणीचा तळ फाटला, जमिनीखालचे झरे उसळले आणि खाण पाण्याने भरली, अशी परंपरागत समजूत आहे. दुसरी कथा शिलाहार राजा गंडरादित्याची आहे. त्याने करवीर परिसरात ३६० जैन मंदिरे बांधली आणि त्यांचा दगड याच खाणीतून काढला, असे ती सांगते. गंडरादित्य बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. म्हणजे खाण नवव्या शतकातच पाण्याखाली गेली असेल, तर त्याला तिथून दगड मिळणे कठीण. दोन्ही कथा शब्दशः एकाच वेळी खऱ्या मानता येत नाहीत. तरी दोन्हींत खाण आहे, आणि ती कल्पनेतली वाटत नाही. तलावाला लागूनच ‘इराणी खण’ म्हणून ओळखली जाणारी, पाण्याने भरलेली दगडाची खाण आजही आहे. काळ्या पाषाणात खोल खणत गेले की भेगांमधून पाणी पाझरते आणि खणीचे तळे होते. रंकाळा कसा घडला असेल, हे इराणी खणीच्या काठावर उभे राहिले की सहज उमगते.

तलावाचे नाव रंकभैरवावरून पडले. अंबाबाईच्या परिवारातल्या या भैरवाचे देऊळ तलावाच्या मध्यभागी पाण्याखाली असून त्याखाली पुष्कळ सोने पुरलेले आहे, अशी आख्यायिका आहे. बुडालेल्या देवळाच्या कथा अनेक गावांतल्या तळ्यांना चिकटलेल्या असतात. रंकाळ्याच्या कथेला मात्र भूकंपाच्या आठवणीची जोड आहे.

सर्वांत जास्त सांगितली जाते ती काठावरच्या नंदीची कथा. हा दगडी नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. असे करत करत ज्या दिवशी तो रंकाळ्याच्या पाण्याला टेकेल, त्या दिवशी जगबुडी होईल. आजऱ्याच्या घनसाळासारखा बुटका तांदूळ गव्हाच्या दाण्याशेजारी ठेवून पाहावा. दोन्हींच्या लांबीत जो केसाएवढा फरक दिसतो, तेवढीच नंदीची दिवसाची चाल. प्रलय ठरलेला आहे, पण तो पिढ्यान् पिढ्या लांबत राहतो. घरातल्या धान्याने काळ मोजणारी ही कथा कोल्हापुरातली मुले आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आली आहेत, आणि नंदीच्या देवळात गेल्यावर ‘नंदी किती सरकला?’ हा प्रश्न हमखास विचारतात.

तलावाच्या कडेला पाण्यात उभा असलेला संध्यामठ हे रंकाळ्यावरचे सर्वांत सुंदर बांधकाम. दगडी खांबांचा हा मंडप नावाप्रमाणे संध्यावंदनासाठी वापरात असावा. पावसाळ्यात तलाव भरला की तो पाण्यात जातो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की खांब, मग जोते असे थोडे थोडे उघडे पडते. यंदा पाणी किती आहे, याचा अंदाज फिरायला येणारे जुने लोक मठाकडे पाहूनच बांधतात.

काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला आणि त्याला राजकन्या शालिनीराजे यांचे नाव मिळाले. मराठी चित्रपटाच्या सुरुवातीच्या दशकांत शालिनी सिनेटोन हा स्टुडिओही याच परिसरात होता. घाट, रंकाळा टॉवर, पद्माराजे उद्यान आणि चौपाटी हा आजचा रंकाळा. सकाळी फिरणाऱ्यांची, संध्याकाळी भेळ आणि भाजलेली कणसे खाणाऱ्यांची इथे गर्दी असते.

रंकाळ्याचे दुखणे नंदीच्या प्रलयाहून जवळचे आहे. भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येत राहिले. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि निळे-हिरवे शेवाळ माजते. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि दुर्गंधी सुटते. पाणी शेवाळाने हिरवेगार झालेले आणि काठावर नाक दाबून चालावे लागलेले दिवस शहराने पाहिले आहेत. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, जलपर्णी काढण्याच्या मोहिमा झाल्या. पण नाले पूर्णपणे अडवून वळवल्याशिवाय वरवरची सफाई टिकत नाही. काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत पुन्हा पसरते. गणेशमूर्तींचे विसर्जन इराणी खणीत नेण्याचा बदल मात्र लोकांनी मनापासून स्वीकारला. आता अनंत चतुर्दशीला मिरवणुका रंकाळ्याच्या काठाने येतात, तलाव ओलांडून पुढे जातात आणि मूर्ती खणीच्या पाण्यात सोडल्या जातात.