शिक्षक गौरव आणि शालेय वार्ता (ठाणे जिल्हा)

एका परिसरातल्या शाळांनी आपल्या शिक्षकांच्या व इतर कर्मचाऱ्यांच्या कामाची जाहीर दखल घेणे आणि एका शाळेत घडलेले चांगले दुसऱ्या शाळेच्या कानावर घालणे, या जोडीने चालणाऱ्या दोन प्रथा. ५ सप्टेंबरचा पुरस्कार, शेरेबुकातला शेरा, सेवापूर्तीचा समारंभ, शिक्षण परिषदेतले सादरीकरण, फलकावरची बातमी ही त्यांची नेहमीची रूपे. दोन्ही प्रथांना एकमेकींचा आधार लागतो. शाळेच्या भिंतीबाहेर ज्या कामाची खबरच जात नाही, त्याचा गौरव करायला कोणी येत नाही. उलट शाल-श्रीफळ दिले, पण त्या बाईंनी पहिलीच्या वर्गात नेमके काय केले ते सांगितलेच नाही, तर शेजारच्या शाळेच्या पदरात काहीच पडत नाही.

एक जिल्हा, अनेक घरे

ठाण्यात ही गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे, कारण इथल्या शाळा एका छताखाली नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या पंधरा तालुक्यांपैकी सात ठाण्याकडे राहिले: ठाणे, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर. ठाणे आणि उल्हासनगर हे तालुके जवळपास पूर्ण शहरी झाल्याने जिल्हा परिषदेच्या शाळा मुख्यतः उरलेल्या पाच तालुक्यांत आहेत. शहरांत सहा महापालिका आहेत: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर आणि भिवंडी-निजामपूर. प्रत्येकीचा शिक्षण विभाग वेगळा, शाळांना क्रमांक देण्याची पद्धत वेगळी आणि पुरस्कारही वेगळा. त्यांच्या जोडीला खासगी अनुदानित शाळा, आश्रमशाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळा आहेतच.

नवी मुंबईत ही विभागणी डोळ्यांना दिसते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या शाळा मुळात जिल्हा परिषदेच्या होत्या. १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाल्यावर पुढे त्या तिच्याकडे गेल्या. बेलापूर ओलांडून खारघरला गेले की जिल्हाच बदलतो. खारघर-कामोठे रायगडात येतात आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत. लोकलने काही मिनिटांचे अंतर, पण बेलापूरच्या शाळेत वाचनाचा एखादा चांगला उपक्रम चालला तर खारघरच्या गुरुजींना तो सरकारी वाटेने कळायची सोय नाही. कळलाच तर एखाद्या नातेवाइकाकडून, डी. एड. च्या जुन्या वर्गमित्राकडून, नाहीतर फिरत आलेल्या फोटोतून कळतो.

केंद्र आणि शिक्षण परिषद

ग्रामीण भागात या दोन्ही प्रथांचा खरा कणा म्हणजे केंद्र. १९९४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात जवळपासच्या साधारण दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र करण्यात आले आणि त्यावर केंद्रप्रमुख नेमण्यात आला. राज्यभरात अशी ४,८६० केंद्रे ठरली. काही केंद्रे मिळून एक बीट, बीटावर विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी ही उतरंड आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जिल्हा संस्था, म्हणजे ‘डाएट’, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे.

केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याला होणारी सभा म्हणजे शिक्षण परिषद. जुने शिक्षक अजूनही तिला गटसंमेलनच म्हणतात. ती दर वेळी वेगळ्या शाळेत भरते आणि तिची सगळी गोडी त्यातच आहे. यजमान शाळा दोन दिवस आधीपासून तयारीला लागते. भिंती पुसल्या जातात, मुलांची चित्रे वर येतात, फलकावर रंगीत खडूने स्वागत लिहिले जाते. शहापूर तालुक्यात डोळखांब किंवा कसारा भागात परिषद असली की कोणी दुचाकीवर, कोणी एसटीने, कोणी शेवटचे दोन किलोमीटर चालत येते. आधी परिपाठ, मग एखाद्या शिक्षकाचा आदर्श पाठ. तो समोर बसलेल्या खऱ्या मुलांवर घेतला जातो आणि मागे वीस-पंचवीस शिक्षक वह्या घेऊन बसलेले असतात. दुपारी सगळे मिळून जेवतात. यजमान बाईंच्या हातची भाजी, कोणी आणलेला खरडा, पावसाळ्यात शेवळा. जेवता जेवता ज्या गप्पा होतात त्यांत परिषदेचा निम्मा अभ्यास उरकतो. ‘तुमच्याकडची ती वजाबाकीची पट्टी कशी केली हो?’ हा प्रश्न पंगतीतच विचारला जातो, सभागृहात नाही.

गौरवाचा सर्वांत अस्सल प्रकारही इथेच दिसतो. केंद्रप्रमुख उभे राहून सांगतात, ‘अमुक शाळेतली दुसरीची सगळी मुलं वाचायला लागली, सर जरा पुढे या.’ टाळ्या वाजतात, गुलाबाचे एक फूल दिले जाते. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे काम किती कठीण आहे ते ठाऊक असते, म्हणून या फुलाची किंमत मोठी. नाट्यगृहातल्या मोठ्या सोहळ्याला ही सर येत नाही.

परिषदेचे दुखणे एकच. माहितीच्या तक्त्यांनी आणि ऑनलाइन नोंदींच्या सूचनांनी तिचा वेळ खाल्ला की आदर्श पाठ मागे पडतो आणि परिषदेची बैठक होऊन जाते. शिक्षकही मग ‘परिषदेला चाललो’ म्हणत नाहीत, ‘मीटिंगला चाललो’ म्हणतात. भाषेत झालेला हा बदल अधिकाऱ्यांनी ऐकावा असा आहे.

पुरस्कारांची चढण

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस ५ सप्टेंबर हा १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो आणि बहुतेक पुरस्कार त्याच्या आगेमागे दिले जातात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहे. रौप्यपदक, प्रशस्तिपत्र आणि ५०,००० रुपये असे त्याचे स्वरूप. २०१८ मध्ये त्याची पद्धत बदलली. शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, जिल्हा आणि राज्य पातळीवरून छाननी होऊन तो वर जायचा असे ठरले, आणि तीनशेहून अधिक असलेली पुरस्कारांची संख्या पन्नासाच्या आत आली. राज्याच्या पुरस्काराला आता क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार असे नाव आहे. सावित्रीबाईंचा जन्मदिवस ३ जानेवारीला येतो, त्या दिवशी अनेक शाळा आपापल्या शिक्षिकांचा वेगळा सत्कार करतात. त्याखालोखाल जिल्हा परिषदेचे आदर्श शिक्षक पुरस्कार आणि महापालिकांचे आपापले पुरस्कार येतात.

एकेकाळी पुरस्कारासोबत जादा वेतनवाढ मिळे. सहाव्या वेतन आयोगानंतर ती थांबली आणि हा विषय बराच काळ शिक्षक संघटनांच्या मागण्यांत राहिला. पैशापेक्षा मोठी अडचण प्रस्तावाची आहे. पुरस्कारासाठी शिक्षकाने आपल्या कामाची फाइल स्वतः तयार करायची असते: छायाचित्रे, कात्रणे, प्रमाणपत्रे, अधिकाऱ्यांचे अभिप्राय. ज्याला फाइल सजवता येते तो पुढे जातो. आणि मुरबाडच्या आतल्या पाड्यावर एकट्याने चार इयत्ता सांभाळणारी बाई म्हणते, ‘मी कशाला माझंच गाऊ?’ हा संकोच मराठी शिक्षकात खोल मुरलेला आहे. म्हणून प्रस्ताव दुसऱ्याने करायला हवा. केंद्रातल्या सहकाऱ्यांनी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या गुरुजींचे काम त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेले नसते.

या मातीतला गौरवाचा जुना दाखला बोर्डी-कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा असे प्रयोग केले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघरात आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा गौरव ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला त्यात आहे. नाव आणि रीत दोन्ही एका परिसरातून निघून घरोघर पोचली.

शेरेबुक आणि सूचनावही

पुरस्कार वर्षातून एकदा, त्यातही एखाद्यालाच. रोजच्या दखलीची साधने साधी आहेत. शाळेला भेट देणारा अधिकारी शेरेबुकात शेरा लिहितो. ‘मुले धीट आहेत. पाढे पाठ. अक्षर सुधारावे.’ एवढ्या दोन-तीन ओळीही शिक्षक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. जुन्या शाळांच्या कपाटात अशी शेरेबुके बांधून ठेवलेली असतात आणि गावच्या शाळेचा इतिहास त्यांच्याइतका दुसऱ्या कशातच सापडत नाही. ती वाळवीच्या तोंडी जाऊ देणे हा गुन्हा आहे.

दुसरी ती सूचनावही. मुख्याध्यापक तीत सूचना लिहितात, शिपाईमामा ती वर्गावर्गांतून फिरवतात. तास चालू असताना दारात येऊन उभे राहतात, बाई खडू खाली ठेवतात, वाचतात, नावापुढे सही करतात. मुलांची तेवढ्यात कुजबुज सुरू होते, मामांनी एकदा बघितले की थांबते. सभा, सुट्टी, परीक्षा यांच्यासोबत अभिनंदनाचा मजकूरही या वहीत येतो: ‘श्रीमती अमुक यांच्या वर्गातील विद्यार्थिनी शिष्यवृत्तीधारक झाल्याबद्दल त्यांचे अभिनंदन.’ आता निरोप भ्रमणध्वनीवर येतात आणि मिनिटात सगळ्यांना पोचतात. मात्र केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आजच माहिती सादर करावी’ असे तातडीचे टपाल इतके असते की अभिनंदनाचा निरोप त्याखाली दबतो. खाली आलेल्या अंगठ्यांच्या रांगेत आणि वहीतल्या सहीत फरक आहे. सही करणारा निदान वाचतो तरी.

सेवापूर्ती

प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, त्या महिन्याच्या अखेरीस. जुन्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांची जन्मतारीख १ जून आहे. घरी कोणी तारीख टिपून ठेवलेली नसे, नाव घालताना गुरुजीच शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकत. तारीख महिन्याची पहिली असली की निवृत्ती आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मे. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. म्हणून निरोप समारंभ एप्रिलच्या अखेरीस उरकतात, नाहीतर जूनमध्ये शाळा उघडल्यावर घेतात. एप्रिलमधला समारंभ चांगला, कारण मुले असतात.

औक्षण, शाल, श्रीफळ, बाई असतील तर साडी-चोळी, गावकऱ्यांकडून एखादी भेट. भाषणे लांबतात. मग कोणी माजी विद्यार्थी उठतो, आज भिवंडीत गोदामात किंवा महापेच्या कंपनीत कामाला असलेला, आणि सांगतो की सरांनी आपली फी स्वतः भरली आणि ते कधी घरी कळू दिले नाही. तिथे सभा गप्प होते. त्याने सांगितलेली ही गोष्ट कुठेच लिहिली जात नाही. सेवापूर्तीच्या दिवशी एका शिक्षकाने ती टिपून घेतली, तरी केंद्राकडे तीस-पस्तीस वर्षांच्या कामाची नोंद राहील.

शाळेबाहेर पोचलेल्या गोष्टी

शिक्षकांपर्यंत शिक्षणाची वार्ता पोचवण्याची मराठी परंपरा जुनी आहे. १८६१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या शालापत्रकापर्यंत ती मागे जाते, आणि राज्याच्या शिक्षण विभागाचे जीवन शिक्षण हे मासिक स्वतःची सुरुवात तिथूनच मोजते. ठाण्यातल्या दोन शाळांची गोष्ट मात्र वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी दूर नेली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी साडीच्या गणवेशात, पाटी-दप्तर घेऊन दुपारी अक्षरे गिरवू लागल्या. त्याच वर्षी ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा उघडली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी. दोन्ही शाळांची छायाचित्रे देशाबाहेर गेली. पण सिग्नलवरच्या मुलाला आधी आंघोळ, मग नाश्ता, मग वर्ग असा दिवस का लावावा लागतो, हे कल्याण किंवा तुर्भ्याच्या शिक्षकाला छायाचित्रातून कळत नाही. त्यासाठी त्या शाळेच्या शिक्षकाला दुसऱ्या महापालिकेच्या सभेत बोलावून तासभर बोलू द्यावे लागते.

ज्यांचे नाव येत नाही

पुरस्कारांची नावे ‘शिक्षक’ या शब्दापाशी थांबतात. शाळा मात्र शिपाई, लिपिक, सेविका, सफाई कामगार आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांवरही चालते. शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे शाळेत तो शिक्षकापेक्षा दोन वर्षे अधिक राहतो आणि मुलांना नावाने ओळखतो. गावाकडच्या शाळेत खिचडी करणारी मदतनीस बहुधा त्याच वाडीतली असते, अनेकदा बचत गटातली. तिला पगार नसतो, मानधन असते: महिना अडीच हजार रुपये, तेही वर्षाच्या दहा महिन्यांचे. कोण मूल उपाशी आले, कोणाला ताप आहे, कोणाच्या घरी काल भांडण झाले, हे ताटात वाढताना तिच्या आधी लक्षात येते आणि ती बाईंच्या कानावर घालते. शहरात अनेक ठिकाणी जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डब्यांत येते, तिथे ही नजर नसते.

अशा मावशीचा सत्कार करायला शासन निर्णय लागत नाही. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळा व्यवस्थापन समिती तो करू शकते आणि काही शाळा करतातही. मावशी पदराने हात पुसत पुढे येते, फूल घेते आणि चुलीवर भात आहे म्हणून लगेच परत जाते.