गिरनारवरचा तास आणि बडोद्याची मराठी शाळा: पार्श्वभूमी

गुजरातमधल्या शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते थेट २२ नोव्हेंबर २०२१ ला. बंद झाली तेव्हा पहिलीत असलेलं मूल वर्गात परतलं तेव्हा तिसरीत होतं. मधल्या वीस महिन्यांत बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे जी अडचण उभी राहिली ती इतरांपेक्षा वेगळी होती, आणि तिची मुळं करोनाच्या कितीतरी आधीची आहेत.

मुलाला शाळेत येता आलं नाही तर शिक्षणानं त्याच्यापर्यंत जावं, हा विचार बडोदा संस्थानाला नवा नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन आले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. फिरती वाचनालयं ती हीच. २०२० मध्ये वर्कशीटचे गठ्ठे घरोघरी पोचवणाऱ्या शिक्षकांचं नातं मला या पेट्यांशी जोडावंसं वाटतं.

१९६० मध्ये गुजरात वेगळं झालं आणि बडोद्यातल्या मराठी शाळा गुजरातच्या अभ्यासक्रमाखाली आल्या. पुस्तकं मराठीत, पण गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाची. हा तपशील एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. टाळेबंदीत मात्र सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

दूरदर्शनवरून शिकवण्याची तयारी गुजरातकडे बऱ्यापैकी होती. शेजारच्या खेडा जिल्ह्यात १९७५ मध्येच उपग्रहाच्या जमान्यातल्या ग्रामीण दूरदर्शनचा प्रयोग झाला होता, आणि गांधीनगरच्या बायसॅग संस्थेकडून शैक्षणिक वाहिन्या चालत होत्या. त्यामुळे जून २०२० मध्ये डीडी गिरनार या दूरदर्शनच्या गुजराती वाहिनीवर 'होम लर्निंग'चे तास लगेच सुरू करता आले. पण ते मुख्यतः गुजरातीत. तिकडे महाराष्ट्रात २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. ती मराठीत होती, पण बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी मुलाला एका वाहिनीची भाषा परकी आणि दुसरीचा धडा परका.

ही फट शिक्षकांनीच बुजवली. फोनवर धडा वाचून व्हॉइस मेसेज पाठवायचा, गणित वहीत सोडवून त्याचा फोटो टाकायचा, गिरनारवरच्या तासाचा मुद्दा मराठीत पुन्हा सांगायचा. त्यातच सर्वेक्षणाची कामंही शिक्षकांच्या गळ्यात होती. घरातला एकुलता एक फोन वडील कामावर घेऊन जात, म्हणून मुलाचा खरा 'तास' रात्री भरे.

आचार्यांचं काम (गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्यच म्हणतात) एरवीपेक्षा पार बदललं. पुस्तकं वाटायची, मध्यान्ह भोजनाऐवजी मिळणारं धान्य पालकांपर्यंत पोचतंय का ते बघायचं आणि 'एकम कसोटी'च्या (घटक चाचणीच्या) प्रश्नपत्रिका घरी पाठवून लिहिलेल्या उत्तरवह्या गोळा करायच्या. घरी, मोठ्यांच्या देखत लिहिलेल्या त्या उत्तरांतून मुलाला काय येतं ते कितपत कळत होतं, ही शंका मला रास्त वाटते. तरी वही आणायला आलेल्या आईशी दोन मिनिटं बोलता येत होतं, हे मोलाचं होतं.

खासगी शाळांची कथा निराळी. जुलै २०२० मध्ये फीच्या वादावरून अनेक स्वयंनिर्भर (विनाअनुदानित) शाळांनी ऑनलाइन वर्गच काही दिवस थांबवले.

पडदा पुरत नाही हे उमगल्यावर 'शेरी शिक्षण' आलं. शेरी म्हणजे गल्ली. ओट्यावर, देवळाच्या पायरीशी, अंतर राखून बसलेली चार-सहा मुलं आणि मास्क लावलेल्या बाई. फळा नसला तरी मूल समोर होतं, त्याचं बोट कुठल्या अक्षरावर अडतं ते दिसत होतं. मराठी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत तर अक्षरंही दोन तऱ्हांची: पुस्तकातली शिरोरेषेची, आणि आजूबाजूच्या गुजराती पाट्यांवरची बिनरेघेची.