‘रिकामी’ डिस्क आणि तिच्यातलं घरचं चित्रण

कॅमकॉर्डरची जुनी डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क) संगणकात घातली आणि पडद्यावर ‘डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणून ती खिडकी बंद करायची. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की खालचं जुनं कुठल्याच उपायाने परत येत नाही. त्याआधी मात्र बहुतेक वेळा चित्रण जागच्या जागी असतं. गहाळ झालेली असते ती त्याची अनुक्रमणिका. आरडब्ल्यू डिस्कला लेखन रोखणारी खिट्टी नसते, त्यामुळे हा नकार आपणच द्यायचा असतो.

ही डिस्क रंगद्रव्यावर नव्हे, धातूच्या मिश्रणावर लिहिते. चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा पातळ थर ०.६ मिमी जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्यांमध्ये दाबलेला असतो. लेसरच्या जोरदार झटक्याने एखादा ठिपका वितळून झटकन गार झाला की त्यातल्या अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. तो ठिपका प्रकाश कमी परतवतो. मध्यम उष्णता दिली की अणू पुन्हा रांगेत बसतात आणि ठिपका पुसला जातो. वर्षानुवर्षं, विशेषतः उष्ण जागी, हेच पुसणं आपोआप अगदी संथपणे होत राहतं आणि ठिपका व आजूबाजूची जागा यांतला फरक पुसट होतो.

मुळात हा फरक फार नसतोच. छापील एकथरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू फक्त १८ ते ३० टक्के. दोन थरांच्या छापील डीव्हीडीचा आकडाही हाच, म्हणून काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोनथरी समजून नसलेला दुसरा थर शोधत बसायचे. एका यंत्रात न चालणारी डिस्क दुसऱ्यात मुकाट चालते, त्यामागे असली कारणं असतात.

आता बिघाड कुठला ते ठरवायचं. सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे डिस्क फायनलाइझ न करता कॅमेऱ्यातून काढलेली असणं. फायनलाइझ करताना यंत्र सुरुवातीचा आणि शेवटचा पट्टा व फाइलींची यादी लिहितं. हे राहिलं, तर साध्या प्लेअरला डिस्क अनोळखी वाटते. डीव्हीडी रायटरला, म्हणजे डिस्कवर लिहूही शकणाऱ्या ड्राइव्हला मात्र लेखनाच्या नोंदींचा पट्टा वाचता येतो. म्हणून प्रयत्न रायटरवरच करावा. मूळ कॅमेरा चालू असेल आणि त्यात सगळी दृश्यं नीट दिसत असतील, तर त्यातच फायनलाइझ करणं सर्वांत सोपं, पण अडॅप्टर लावून. मध्येच बॅटरी संपली तर नवं संकट. दृश्यं अडखळत असतील तर त्या वाटेला जाऊ नये, कारण फायनलाइझ करणं हेही लेखनच.

दुसरा प्रकार ‘क्विक इरेज’चा. यात फक्त सुरुवातीच्या नोंदी पुसल्या जातात, चित्रण तसंच राहतं. पूर्ण इरेज झालं असेल तर आशा सोडावी. पण ते मिनिटभरात होत नाही: १२ सेंमीची डिस्क एकपट वेगाने पुसायला जवळपास तास लागतो. कोणी ‘चुकून पुसली, लगेच झालं’ म्हणालं तर ती चांगली बातमी समजा.

डिस्क तिरक्या उजेडात धरली की लिहिलेला भाग वेगळ्या छटेच्या कड्यासारखा दिसतो. तो मोजता येतो. मजकूर मध्यापासून २४ मिमी अंतरावर सुरू होऊन बाहेर जातो. कॅमकॉर्डरच्या ८ सेंमी डिस्कवर तो साधारण ३८ मिमीला संपतो. छटा ३० मिमीपर्यंतच असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने सुमारे ३७ टक्के जागा भरली आहे, म्हणजे नेहमीच्या प्रतीत ३० मिनिटं मावणाऱ्या डिस्कवर ११ मिनिटांचं चित्रण. अर्थात ही छटा आधीच्या, पुसलेल्या वापराचीही असू शकते. डीव्हीडी+आरडब्ल्यू या दुसऱ्या जातीच्या डिस्कमध्ये तर फॉरमॅट करतानाच सगळीकडे छटा उमटते, तिथे हा अंदाज चालत नाही.

मग सफाई. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड. तेलकट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. अॅसिटोन किंवा पेट्रोल प्लास्टिक खातं. पुसायचं ते मध्याकडून कडेकडे, गोल फिरवून कधीच नाही. डीव्हीडीतली चूक-दुरुस्ती सलग सुमारे ६ मिमीपर्यंतचा तुटवडा भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच तोडतो, गोलाईतला ओरखडा मात्र एकाच रेषेवर सेंटिमीटरभर चालत जातो. मध्याजवळचा बोटांचा ठसाही हलक्यात घेऊ नका. ड्राइव्ह डिस्कची ओळख तिथेच करून घेतो. छोटी डिस्क ट्रेच्या आतल्या खोलगट वर्तुळात बसवायची. नुसत्या फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालूच नये.

फाइली ओढून कॉपी करण्याच्या फंदात पडू नका. एका खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्यावर, कॉपी थांबते आणि सगळं सोडून देते. त्याऐवजी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढावी. सेक्टरचा आकार २०४८ बाइट सांगायचा आणि काय वाचलं आणि काय राहिलं याच्या नोंदींची मॅप फाइल देणं विसरायचं नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचलं जाईल तेवढंच घ्यावं, अडलेल्या जागा न खरवडता पुढे जावं. दुसऱ्या फेरीत त्या जागांवर तीन प्रयत्न, मग एक फेरी उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे. वेग कमी ठेवला तर पुसट डिस्क बऱ्याचदा जास्त देते. ड्राइव्ह तापला की त्याला विश्रांती द्या. गोठला तर वीज बंद करून पुन्हा सुरू करा, मॅप फाइलमुळे काम तिथूनच पुढे चालतं.

खरी गंमत याच मॅप फाइलमध्ये आहे. तीच इमेज, तीच मॅप फाइल घेऊन डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घातली, की फक्त राहिलेली भोकं वाचली जातात. तीन जुने ड्राइव्ह मिळून जे देतात ते एक महागडा ड्राइव्ह देईलच असं नाही.

ड्राइव्हच डिस्कचा आकार शून्य सांगत असेल, तर डीडीरेस्क्यूचे हात बांधलेले. तिथे आयसोबस्टरसारखी प्रणाली लागते. ती फायनलाइझ न झालेल्या कॅमेरा डिस्कवरचं चित्रण शोधू शकते. क्विक इरेज झालेल्या डिस्कसाठी एक जुनी क्लृप्ती आहे: त्याच जातीची भरलेली डिस्क ड्राइव्हला ओळखू द्यायची आणि ड्राइव्हच्या नकळत ती बदलायची. पण ट्रे हलला की बहुतेक ड्राइव्ह नव्याने ओळख करून घेतात, आणि त्यासाठी झाकण उघडलं तर लेसर डोळ्यांना धोकादायक. हे काम जाणकारांवरच सोडावं.

इमेज हाती आल्यावर आत व्हिडिओ_टीएस फोल्डर असेल तर त्यातल्या चित्रणाच्या व्हीओबी फाइली ओळीने जोडायच्या. डीव्हीडी_आरटीएव्ही असेल तर सगळं चित्रण एकाच व्हीआरओ फाइलमध्ये असतं. सोबतची आयएफओ फाइलही जपावी, कारण दृश्यं कुठे तुटतात आणि कोणत्या तारखेची आहेत ते तिच्यात असतं. यादीच नसली तरी वाट आहे: चित्रणाच्या प्रत्येक २०४८ बाइटची सुरुवात हेक्स भाषेत ००, ००, ०१, बीए या चार बाइटनी होते. असे सेक्टर क्रमाने उचलून एका फाइलमध्ये ठेवले आणि तिला एमपीजी नाव दिलं, तर ती चालते. फोटोरेक हा प्रोग्राम साधारण याच पद्धतीने खुणा पाहून फाइली शोधतं.

वाचता न आलेला सेक्टरांचा एक गट ३२ किलोबाइटचा, म्हणजे उत्तम प्रतीत जेमतेम चित्रणाच्या एका चौकटीएवढा (फ्रेमएवढा). पण पुढच्या चौकटी आधीच्यांवर बेतलेल्या असल्याने पडद्यावर अर्ध्या सेकंदापर्यंत चौकोनी ठिगळं दिसतात. त्यापुढे आवाज मागेपुढे होऊ लागला, तर फाइल एफएफएमपेग या प्रोग्राममधून नव्याने वेळा टाकून, पण चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता काढावी.