खांदा उतरला म्हणून कंबर दुखते? एका समजुतीची पार्श्वभूमी

ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृहापासून घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या क्लबहाउसपर्यंत रॅकेट धरणारी मुलं खूप आहेत. त्यांचे पालक फिजिओला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : उजवा खांदा खाली आलाय, म्हणूनच कंबर दुखते का? यातला ‘म्हणूनच’ बराच जुना आहे.

1741 साली फ्रान्सच्या निकोलस आंद्री यांनी मुलांच्या शरीरातली वाकडेपणाची व्यंगं सुधारण्यावर ग्रंथ लिहिला. वाकडं रोप सरळ काठीला बांधलेलं त्यातलं चित्र आजही अस्थिरोगशास्त्राचं चिन्ह आहे. सरळ ते निरोगी, हा विचार तेव्हापासून रुजला. पुढे लंडनचे शल्यविशारद विल्यम अॅडम्स यांनी 1852 मध्ये गिडिअन मँटेल (इग्वानोडॉन या डायनासोरचं पहिलं वर्णन करणारे मँटेल ते हेच) यांच्या शवविच्छेदनात कणा तपासला. कणा नुसता बाजूला वाकत नाही, स्वतःभोवती पिळवटतोही, हे अॅडम्स यांनी ओळखलं. 1865 मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. पुढे वाकवून पाठ पाहण्याची चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 1948 मध्ये जॉन कॉब यांनी एक्स-रेवर वाकाचा कोन मोजण्याची रीत दिली. 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकण्याचा विकार) म्हणायचं, हा आजचा संकेत त्याच कोनावर ठरतो. ही सारी साधनं आजार शोधण्यासाठी बनली. खेळाडूच्या पाठीला ती जशीच्या तशी लावली की गल्लत सुरू होते.

1976 मध्ये प्रीस्ट आणि नेगल या अमेरिकन डॉक्टरांनी अव्वल टेनिसपटूंचा रॅकेटच्या बाजूचा खांदा उतरलेला असतो हे नोंदवलं आणि त्याला ‘टेनिस शोल्डर’ म्हटलं. त्या बाजूचा हात स्नायूंनी जड होतो आणि खांदा वर धरणारे स्नायू वर्षानुवर्षांच्या ओढीने ताणले जातात, हा त्यांचा खुलासा. पुढच्याच वर्षी खेळणाऱ्या हाताच्या दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा लक्षणीय जाड असल्याची मोजमापं आली. 2010 मध्ये व्यावसायिक टेनिसपटूंच्या एमआरआयमध्ये पोटाचा सरळ स्नायू रॅकेटच्या विरुद्ध बाजूला सुमारे 35 टक्के मोठा आढळला. म्हणजे असमानता ही बरीचशी कामातून आलेली घडण आहे. उभ्या मुलाकडे मागून पाहिलं तर उतरलेला खांदा आणि वाकलेला कणा सहज सारखेच दिसतात.

मग दुखतं कुठे? 2007 मध्ये पाठीची तक्रार नसलेल्या 33 किशोरवयीन टेनिसपटूंचा एमआरआय झाला. 28 जणांच्या कमरेत काही ना काही बदल होते आणि 9 जणांत मणक्याच्या मागच्या कमानीला, म्हणजे पार्सला, इजा होती. चित्रातला बदल म्हणजे वेदना नव्हे, हा एक धडा. दुसरा अधिक महत्त्वाचा : वाढत्या वयात पार्सवर फार ताण येतो. मागे झुकणं, बाजूला कलणं आणि पिळणं एकत्र आलं की तो सर्वाधिक असतो. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये हे तिन्ही घडतं. बॅडमिंटनमध्ये स्मॅश आणि राउंड-द-हेड (रॅकेट डोक्यावरून दुसऱ्या बाजूला नेऊन मारलेल्या) फटक्यात घडतं, त्यातही पाय वेळेवर मागे पोचले नाहीत तर जास्त. शटल डोक्यामागे गेलं की उणीव कंबर भरून काढते. त्यात सोसायटीच्या आवारातली सिमेंटची किंवा पेव्हर ब्लॉकची जमीन उडीनंतरचा धक्का जिरवत नाही.

म्हणून तपासणी या क्रमाने करावी. पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पाठ आडवी होईपर्यंत वाकायला लावावं. स्कोलिओमीटर (पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा किती वर उचलली आहे ते अंशांत दाखवणारं साधन) न दाबता कण्यावर वरपासून खालपर्यंत फिरवावा. 7 अंश किंवा अधिक आलं तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावं. मग बसवून पुन्हा मोजावं. बसल्यावर पाठीच्या एका बाजूचा उंचवटा गेला तर पायांच्या लांबीतला फरक तपासावा. उभ्याने खांदा उतरलेला दिसतो पण वाकल्यावर पाठ समान आहे, अशा मुलाला पाठ सरळ ठेवणारा पट्टा किंवा ‘ताठ बस’चा धाक देऊ नये.

किशोरवयीन खेळाडूला मागे वाकताना कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर मात्र खांदा सममित असला तरी तपासणीसाठी वाट पाहू नये. साध्या एक्स-रेत पार्सचा सुरुवातीचा तडा सहसा दिसत नाही, एमआरआय लागतो. खेळात परतीच्या वेळी आधी शटलशिवाय पदन्यास, मग नेट (जाळीजवळचे) आणि ड्राइव्ह (सपाट) फटके, त्यानंतर क्लिअर (मागच्या रेषेपर्यंतचा उंच फटका). स्मॅश आणि राउंड-द-हेड सर्वांत शेवटी, तेही मागे झुकताना वेदना पूर्ण गेल्यावरच.