५.२०-१४ हा आकडा आला कुठून? जुन्या गाड्यांच्या टायर-मापांची पार्श्वभूमी

प्रीमियर पद्मिनीच्या मॅन्युअलमध्ये टायरसमोर फक्त ५.२०-१४ लिहिलेलं असतं, अ‍ॅम्बेसेडरचं ५.९०-१५ आणि विलीज जीपचं ६.००-१६. आज टायरच्या दुकानात जाऊन हे माप सांगा, काउंटरवरचा पोरगा क्षणभर बघत राहतो आणि मग म्हणतो काका १४ चा रिम ना, वॅगनआरचा टाकतो की, आरामात बसेल. बसतो तो, नाही असं नाही. पण बसणं आणि चालणं यात फरक आहे, आणि हा फरक कळायला त्या जुन्या आकड्यात काय काय दडलंय ते माहीत हवं, म्हणून थोडं मागे जाऊ.

हवेचा टायर व्यवहारात आणला जॉन बॉइड डनलॉपने, १८८८ साली, बेलफास्टला, तोही सायकलसाठी. मोटारीला हवेचे टायर लावून शर्यतीत उतरले ते मिशेलिन बंधू, १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत. तेव्हाचे टायर क्लिंचर प्रकारचे असायचे, म्हणजे टायरच्या कडेला रबराची जाड ओठासारखी पट्टी आणि ती रिमच्या वळलेल्या काठात अडकवायची, आतल्या हवेच्या दाबाने ती धरून राहायची. त्या काळात माप लिहायची पद्धतच वेगळी होती, आधी टायरची बाहेरची पूर्ण उंची आणि मग जाडी. फोर्डच्या मॉडेल टी ला मागे ३० × ३½ टायर यायचा, म्हणजे ३० इंच उंच आणि साडेतीन इंच जाड. रिम किती? ते लिहिलेलंच नाही, ते आपण काढायचं, ३० मधून दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन वजा केले की २३. पुढे ३० × ३ चे टायर, म्हणजे रिम २४ चा. उंची सारखी पण पुढचा टायर मागे चालत नाही आणि मागचा पुढे चालत नाही, कसरत नुसती. १९१९ पासून काढता येणारे रिम आले तेव्हा चारही चाकांना ३० × ३½ झालं आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण गाडीला खरं देणंघेणं असतं ते बाहेरच्या उंचीशी. टायरची एक फेरी झाली की गाडी किती पुढे जाते, त्यावरच गिअरचं गणित, स्पीडोमीटरचं गणित, चढावर इंजिन किती दमणार हे सगळं अवलंबून. त्या काळात जास्त जाड टायर हवा असेल तर ३१ × ४ घ्यायचे, ३१ वजा ८ म्हणजे परत २३, त्याच रिमवर बसणारा. उंची एक इंचाने वाढते हे नावातच दिसायचं, लपून काहीच राहायचं नाही.

मग १९२३ ला फायरस्टोनने बलून टायर आणला आणि चित्र पालटलं. आधीचे टायर बारीक आणि कडक, मॉडेल टी ला ५५-६० पौंड हवा भरायची, रस्त्यातला प्रत्येक दगड कमरेत यायचा. बलून टायर जाड, आत हवा जास्त पण दाब साधारण निम्म्यावर, त्यामुळे गाडी एकदम मऊ चालायला लागली. आणि त्याच्याबरोबर माप लिहायची रीत उलटी झाली, आता आधी जाडी आणि मग रिमचा व्यास, ४.४०-२१ असं. बाहेरची उंची नावातून गायब झाली. आपल्या आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

पण त्या इंजिनिअर लोकांच्या डोक्यातून उंची गेली नव्हती, हे बघा. ४.४०-२१ ची उंची काढा, २१ अधिक दोनदा ४.४०, म्हणजे २९.८ इंच. जुना टायर ३० चा! रिम दोन इंचाने लहान केला पण उंची जवळजवळ तीच ठेवली, कारण गिअर बदलायचे नव्हते. पुढे फोर्डच्याच गाड्या बघत जा, १९२८ च्या मॉडेल ए ला ४.५०-२१, १९३० ला ४.७५-१९, १९३२ ला ५.२५-१८, १९३३ ला ५.५०-१७ आणि १९३५ ला ६.००-१६. सात वर्षांत रिम २१ वरून १६ वर आला, पाच इंच कमी, पण बाहेरची उंची ३० वरून २८ वर, फक्त दोनच इंच. रस्ते सुधारत गेले, चाकोरीतून आणि चिखलातून गाडी काढायची गरज कमी झाली, बॉडी खाली आली, टायर जाड होत गेला. आपल्याकडे जीपला इतकी वर्षं जे ६.००-१६ माप चाललं ते याच टप्प्यावरचं.

आता त्या विचित्र दशांशांकडे येतो. ४.५०, ५.२५, ६.०० असे पाव-पाव इंचाच्या पायरीने जाणारे आकडे जुन्या पिढीचे, त्यात टायरची जाडी आणि बाजूची उंची (रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंतची) जवळपास सारखी. दुसऱ्या महायुद्धानंतर जरा बसके टायर आले, आणि त्यांचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवले, ५.२०, ५.६०, ५.९०, ६.४०, ६.७०. यात बाजूची उंची जाडीच्या साधारण ९५ टक्के. म्हणजे नुसता दशांश बघून टायर कुठल्या पिढीचा ते कळतं. बीटलचा ५.६०-१५, ई-टाइप जॅग्वारचा ६.४०-१५, मिनीचा ५.२०-१० हे सगळे या कुटुंबातले. १९५३ ला इटलीत आलेल्या फियाट ११००/१०३ चा ५.२०-१४ पण इथलाच, आणि तीच गाडी पुढे बदलत बदलत कुर्ल्याला आपली पद्मिनी झाली.

मिनीचा १० इंची रिम वेगळी गोष्ट आहे. मिनीचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिसला १९५९ मध्ये एवढ्याशा गाडीत चार माणसं बसवायची होती, चाकाने आतली जागा खाऊ नये म्हणून डनलॉपकडून खास एवढा लहान टायर करून घेतला. पण रिम लहान म्हणजे आतला ब्रेकही लहान, त्याला इलाज नाही. १९८४ ला मिनीला मोठे डिस्क ब्रेक आले तेव्हा रिम १२ चा करावा लागला. जुन्या गाडीचे ब्रेक बदलायचा विचार असेल तर रिमचा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो तो असा.

इकडे युरोपात मिशेलिनने वेगळाच घाट घातला होता, त्यांचे रिम मिलिमीटरमध्ये. सित्रोएनच्या ट्रॅक्सिओं अव्हांचा १६५-४००, टू सीव्ही चा १२५-४००. ४०० मिमी म्हणजे १५.७५ इंच, १६ इंच नव्हे (ते ४०६ मिमी होतात), त्यामुळे १६ चा टायर त्यावर ढिला पडतो, आणि असा टायर चढवणं जिवावर बेतू शकतं. पुढे १९७० च्या दशकात मिशेलिनने टीआरएक्स काढला त्यातही तेच, ३९० मिमी रिम, बीएमडब्ल्यू आणि फोर्ड मस्टँगवाले त्यात अडकले. टायर चांगला होता, मी नाव ठेवत नाही, पण बाकी कोणी तो आकार फारसा उचलला नाही आणि आज त्या गाड्यांचे मालक महागडे टायर शोधत फिरतात किंवा सरळ रिमच बदलतात.

पण मिशेलिनचं खरं मोठं काम रेडियल. पेटंट १९४६ चं, बाजारात आला १९४९ ला, मिशेलिन एक्स. त्याआधीचे सगळे टायर क्रॉसप्लाय, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास नायलॉन टायर म्हणतात ते, आतले धागे तिरके, एकावर एक उलट दिशेने. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि ट्रेडखाली पोलादी पट्टा. बाजू मऊ पण रस्त्याला टेकणारा भाग ताठ, त्यामुळे वळणावर पकड जास्त आणि झीज कमी. रेडियलचं माप आलं १५५ एसआर १४ असं, जाडी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात, मधला एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग. बाजूची उंची परत कुठेच लिहिलेली नाही, पण ती साधारण ८२ टक्के धरायची असते. पुढे ७० टक्केवाले बसके टायर आले तेव्हा कुठे १८५/७० असं मधली तिरकी रेघ मारून लिहायला लागले. म्हणजे आज आपण जे १६५/८० आर १४ वाचतो त्यात जाडी मिलिमीटर, उंची टक्के आणि रिम इंच, तीन वेगळ्या काळांच्या सवयी एका ओळीत आहेत.

भारतात हे सगळं जरा उशिरा पोचलं. डनलॉपचा कारखाना बंगालात साहागंजला १९३६ पासून, मुंबईत शिवडीला फायरस्टोन, भांडुपला १९५८ पासून सिएट. गाड्या दोन-तीनच आणि त्याही वर्षानुवर्षं त्याच, त्यामुळे मापंही तीच. रेडियल इथे जेके टायरने १९७७ ला आणला, पण तेव्हाचे रस्ते, किंमत आणि टॅक्सीवाल्यांचा हिशोब बघता नायलॉनच चालत राहिला. डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली १२ इंची चाकांवर, आणि त्यानंतर हळूहळू दुकानातला साठा बदलत गेला. पद्मिनी बनत राहिली साधारण २००० पर्यंत, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली. एवढी गिऱ्हाईकं गेल्यावर ५.२०-१४ कोण बनवणार.

म्हणून आता खरा प्रश्न, बदली काय घालायचं. आधी जुन्या टायरची उंची काढा. ५.२० इंच म्हणजे १३२ मिमी, त्याचे ९५ टक्के म्हणजे १२५, दुप्पट २५०, त्यात १४ इंचाचे ३५६ मिळवा, साधारण ६०६ मिमी. आता आधीच्या वॅगनआरचा १५५/६५ आर १४ काढा, तो भरतो ५५७. जवळजवळ पाच सेंटिमीटर कमी! गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसते, स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासतो, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ला असते आणि इंजिन उगाच जास्त फिरतं, आधीच बिचारं हजार-अकराशे सीसीचं. शिवाय व्हील आर्चमध्ये एवढी मोकळी जागा दिसते की गाडी पोरकी वाटते (हे माझं मत, पण जुन्या पद्मिनीचा फोटो शेजारी ठेवून बघा). १६५/६५ घेतला तर ५७०, तरीही कमीच. १५५/८० आर १४ मिळाला तर ६०४, याच्याइतकं जवळ दुसरं काही नाही. तो नाही मिळाला तर स्विफ्टच्या काही मॉडेलना येणारा १६५/८० आर १४ आहे, ६२० भरतो, दोन टक्क्यांनी जास्त, उंचीला चालण्यासारखा, फक्त स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून कुठे घासत नाही ना ते बघायचं. अ‍ॅम्बेसेडरचं ५.९०-१५ असंच काढलं तर ६६६ येतं, १७५/८० आर १५ म्हणजे ६६१, छान जमतं. पण दुकानात समोर ठेवतात तो १८५/६५ आर १५, तो ६२१ चा.

उंची जमली की रिमची रुंदी. रिमच्या आतल्या बाजूला, हबजवळ किंवा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, तारेच्या ब्रशने गंज आणि रंगाचे थर काढले की ठोकलेला आकडा सहसा सापडतो, तोच खरा मानायचा. जुने रिम अरुंद, ५.२० सारख्या टायरला साडेतीन-चार इंच पुरायचे. १७५/७० ची उंची ६०१ म्हणून कागदावर जमते पण त्याला किमान साडेचार इंची रिम लागतो, अरुंद रिमवर तो मध्ये फुगतो, वळणावर बाजूला लोळतो आणि ट्रेड मधोमध झिजतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

रुंद अलॉय टाकणाऱ्यांचं मला मन मोडायचं नाही, पण नुसतं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळलं म्हणून काम होत नाही, ऑफसेट बघा, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यावर) भार वाढतो, आणि हे पार्ट आता सहज मिळत नाहीत.

ट्यूबलेस आहे म्हणून ट्यूब काढून टाकू नका. जुन्या रिमला आतल्या बाजूला तो उंचवटा नसतो जो वळणावर टायरची कड जागेवर धरून ठेवतो, रिव्हेट मारलेल्या किंवा तारांच्या चाकातून तर हवाच निघून जाते. आणि एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन एक रेडियल कधीच नाही. दोनच रेडियल असतील तर ते मागे, कारण पकड मागे जास्त असलेली बरी, उलट केलं तर वळणावर गाडीचं बूड फिरतं. खरं तर चारही एकसारखे घ्या आणि स्टेपनीसुद्धा, तिला विसरतात सगळे.

ज्यांना गाडी अगदी कारखान्यातून आली तशीच ठेवायचीय त्यांच्यासाठी परदेशात जुन्या मापांचे टायर नव्याने बनतात, मिशेलिन आणि पिरेली स्वतः बनवतात, अमेरिकेत कोकर आहे, पैसे आणि कस्टम ड्युटी लागते पण टायर ताजा असतो. इथे कुठल्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर न वापरलेला ५.२०-१४ सापडला, वरचे रबराचे बारीक काटे शाबूत, तरी लगेच घेऊ नका, बाजूवर बनवल्याची तारीख बघा, २००० नंतरच्या टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो त्याच्याही आधीचा, वीस वर्षांहून जुना, आणि ते रबर कितीही काळंभोर दिसलं तरी रस्त्यावर न्यायचं नाही.