फोटोवरची मराठी नावं एका रेषेत का दिसत नाहीत?

घरातला एखादा ग्रुप फोटो घ्या. खाली पट्टी टाकून प्रत्येकाचं नाव लिहायचं आहे: काका, मावशी, सुमन, आजोबा. फोटोशॉपमध्ये चारही नावांचे लेयर निवडले आणि वरची कड जुळवणारं बटण दाबलं, की क्षणात काम होतं. पण पट्टीकडे पाहिलं तर मावशी आणि आजोबा खाली घसरलेले दिसतात, काका आणि सुमन वर. मधोमध जुळवणारं बटण दाबून पाहा, आता सुमन वर चढते आणि मावशी खालीच राहते. खालची कड जुळवली तर काका, मावशी, आजोबा एका ओळीत येतात, सुमन मात्र पूर्ण उकाराएवढी वर उचलली जाते. तीन बटणं, तिन्ही चुकली असं वाटतं. खरं तर तिन्ही बटणांनी सांगितलेलं काम अगदी बरोबर केलेलं असतं.

सॉफ्टवेअरला अक्षरं दिसत नाहीत, त्यांच्याभोवतीचा आयत दिसतो. प्रत्येक शब्दाचा सगळ्यात वरचा रंगीत पिक्सेल, सगळ्यात खालचा, डावा आणि उजवा, एवढ्यावरून तो आयत ठरतो. 'काका' या शब्दाच्या आयताची वरची कड म्हणजे शिरोरेषाच. 'मावशी'त मात्र शेवटच्या वेलांटीचा वळसा शिरोरेषेच्या वर जातो, 'आजोबा'त ओकाराची मात्रा वर जाते. त्यामुळे आयताची वरची कड जुळवली की या दोघांची शिरोरेषा वेलांटीच्या किंवा मात्रेच्या उंचीएवढी खाली येणारच. 'सुमन'चा आयत उकारामुळे खाली वाढतो, म्हणून मधोमध जुळवताना तिचं सगळं अंग वर सरकतं.

इंग्रजी नावांनाही हा त्रास होतो, कारण तिथेही काही अक्षरांच्या शेपट्या ओळीखाली लोंबतात. पण इंग्रजी शब्दाच्या माथ्यावर सलग रेघ नसते, त्यामुळे दोन-तीन पिक्सेलची चूक लपून जाते. आपल्याकडे ती लपत नाही. याचं कारण आपल्या डोळ्यात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाताळलेला असतो. फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हर्निए यांनी 1631 मध्ये ही मोजपट्टी जगापुढे मांडली. मुख्य पट्टीवरची कोणती रेघ सरकत्या पट्टीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळते हे पाहायचं आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप घ्यायचं. हे उपकरण चालतं ते माणसाच्या एका विलक्षण क्षमतेवर. दोन रेघा एकाच सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे आपल्याला थक्क व्हावं इतक्या बारकाईने कळतं.

किती बारकाईने? एका अंशाचे 60 भाग केले की एक कला, आणि एका कलेचे 60 भाग केले की एक विकला. डोळे तपासायला गेल्यावर तक्त्यावरची 6/6 ची ओळ वाचता आली, तर आपण सुमारे एक कला, म्हणजे 60 विकलांचा तपशील ओळखतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी एकमेकींपासून साधारण 30 विकला अंतरावर असतात, म्हणून तपशील ओळखण्याची मर्यादा तिथेच कुठेतरी असणार हे समजण्यासारखं आहे. पण दोन रेघांमधली तफावत अनुकूल परिस्थितीत 5 ते 10 विकलांएवढी असली तरी माणसाला कळते. ही तफावत एका शंकुपेशीच्या रुंदीपेक्षाही कितीतरी लहान आहे! दृष्टीचे अभ्यासक जेराल्ड वेस्टहायमर यांनी 1975 मध्ये या क्षमतेला 'हायपरॲक्युइटी' असं नाव दिलं.

पेशींच्या अंतरापेक्षा बारीक फरक कळतो तरी कसा? रेघेचा प्रकाश दृष्टिपटलावर थोडा पसरतो आणि एकाच वेळी अनेक पेशींवर पडतो, कुठे जास्त, कुठे कमी. या कमी-जास्त संकेतांवरून प्रकाशाचा मध्य नेमका कुठे आहे याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि रेघेच्या लांबीभर पसरलेल्या पेशी त्या अंदाजात भर घालतात.

आता फोटोखालच्या पट्टीकडे या. 'काका' आणि 'मावशी' यांच्या शिरोरेषा म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन आडव्या रेघा, थेट व्हर्नियरचीच परीक्षा. मोबाईलच्या पडद्यावर इंचाला 400 पिक्सेल धरले तर एक पिक्सेल 0.06 मिलिमीटरचा होतो. 30 सेंटिमीटरवरून पाहताना तो सुमारे 44 विकलांचा कोन व्यापतो. म्हणजे पडद्यावर एका पिक्सेलची चूकही डोळ्याच्या क्षमतेच्या कितीतरी पट मोठी ठरते. दोन रेघांमधली मोकळी जागा वाढली की ही बारकाई कमी होते, त्यामुळे फोटोच्या दोन टोकांना असलेल्या नावांची चूक खपून जाते. खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांची नावं वरखाली झाली तर मात्र नजर तिथेच अडकते. फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल आणि मोबाईलवर 1080 पिक्सेलमध्ये दिसत असेल, तर मूळ फोटोतले चार पिक्सेल मिळून पडद्यावरचा एक होतो. म्हणून काम करताना चूक त्याहूनही कमी ठेवावी लागते.

तेव्हा जुळवायच्या त्या शिरोरेषा, आयताच्या कडा नव्हेत. यासाठीचा खात्रीचा मार्ग फारच साधा आहे. पहिलं नाव लिहा, हवं तिथे ठेवा. मग त्या लेयरचीच प्रत काढा (फोटोशॉपमध्ये कंट्रोल-जे, गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी), ती फक्त आडवी सरकवा आणि आतला मजकूर बदला. फोटोशॉपमध्ये सरकवताना शिफ्ट दाबून ठेवली की लेयर वरखाली होत नाही. फॉन्ट तोच, आकार तोच आणि अक्षरं ज्या अदृश्य आधाररेषेवर उभी असतात ती बेसलाइनही तीच, म्हणजे शिरोरेषा आपोआप त्याच उंचीवर येते. मजकूर आधीच सेंटर केलेला असेल तर 'काका'च्या जागी 'मधुसूदनकाका' लिहिलं तरी नाव दोन्ही बाजूंना सारखंच वाढतं आणि चेहऱ्याखालून हलत नाही. आडव्या दिशेने जुळवणारी आणि सारखं अंतर राखणारी बटणं बिनधास्त वापरा, त्यांचा मात्रा-उकारांशी काही संबंध नाही. एकदा असं बसवल्यावर उभ्या दिशेच्या बटणांना मात्र हात लावू नका.

पट्टीच्या मधोमध मजकूर बसवतानाही हीच गोष्ट आडवी येते. देवनागरी शब्दाचं वजन शिरोरेषा आणि अक्षराचा पाय यांच्या मध्ये असतं. मात्रा आणि उकार त्यामानाने हलके. 'किल्ले रायगड' हे शब्द आयतानुसार मधोमध बसवले तर वरच्या वेलांटी-मात्रांची जागाही मोजली जाते आणि अक्षरं पट्टीत खाली बसल्यासारखी वाटतात. त्याच जागी आधी 'कमल' लिहा, म्हणजे ज्यात वरही काही नाही आणि खालीही काही नाही असा शब्द. तो मधोमध आणा आणि मग मजकूर बदला. मोबाईलवरच्या काही ॲपमध्ये आयत शाईपुरता नसतो, फॉन्टने ठरवून दिलेल्या ओळीच्या पूर्ण उंचीचा असतो. तिथे शिरोरेषा आपसूक जुळतात, पण वर आणि खाली राखून ठेवलेली जागा सारखी नसल्यामुळे मधोमध हे खरं मधोमध नसतं. तिथे शेवटचा निर्णय डोळ्याने घ्यावा लागतो.

खरी पंचाईत होते ती एकाच ओळीत दोन आकारांची अक्षरं आली की. मोठ्या अक्षरात 'आजोबा' आणि त्यालाच लागून लहान अक्षरात 'वय 80'. सॉफ्टवेअर दोन्हींचे पाय एका रेषेत आणतं, कारण मजकूर बसवण्याची ही सगळी यंत्रणा मुळात रोमन लिपीसाठी उभी राहिली आणि त्या लिपीतली अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षर वरच्या रेषेला लटकतं. समजा, एका फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षराच्या आकाराच्या 60 टक्के उंचीवर आहे. 40 पिक्सेलच्या 'आजोबा'ची शिरोरेषा 24 पिक्सेलवर येईल, 24 पिक्सेलच्या 'वय'ची साधारण 14 वर. मध्ये 10 पिक्सेलची पायरी! ती घालवायची तर लहान मजकूर निवडून बेसलाइन शिफ्टने, म्हणजे अक्षरांची आधाररेषा वरखाली करणाऱ्या सेटिंगने, 10 पिक्सेल वर उचलावा लागतो. फॉन्टच्या ओपनटाइप या मानकात लटकत्या रेषेची सोय आहे, आणि वेबपानांवर चित्र काढणाऱ्या कॅनव्हासमध्येही तिबेटी आणि भारतीय लिपींसाठी 'हँगिंग' असा पर्याय दिलेला आहे. फोटोवर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्येही 'शिरोरेषा जुळवा' असं एक बटण असायला हवं. कोट्यवधी माणसं रोज देवनागरीत शुभेच्छा, आमंत्रणं आणि श्रद्धांजली लिहीत असताना एवढी मागणी रास्त आहे.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोहही आवरायला हवा. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरं लांब लांब ठेवतात, तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना टेकलेल्या, बऱ्याचदा किंचित एकमेकींवर चढलेल्या असतात. अंतर शून्यापुढे नेलं की तो सांधा उघडतो. मजकूर पट्टीभर पसरवायचा असेल तर आकार वाढवावा किंवा शब्दांमधली जागा वाढवावी. कमानीच्या आकारात लिहितानाही हेच घडतं. वक्ररेषेवर मजकूर चढवला की प्रत्येक अक्षर न वाकता नुसतं फिरतं, आणि गोल शिरोरेषेऐवजी कोनाकोनांची मोडकी रेघ मिळते. त्यापेक्षा सरळ ओळ लिहून वॉर्पने सगळी एकदम वाकवावी, म्हणजे शिरोरेषाही वाकते. किनार देतानाही ती प्रत्येक अक्षराला वेगळी दिली तर सांध्यांवर उभ्या रेघा उमटतात. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलमधला स्ट्रोक वापरला, की शब्दाच्या एकसंध आकाराभोवतीच किनार पडते.

नावं जुळली, पण ती वाचता येतात का? वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुरासाठी आणि पार्श्वभूमीसाठी उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5:1 मागितलं आहे, मोठ्या अक्षरांसाठी 3:1. हे मोजताना हिरव्या प्रकाशाला सुमारे 72 टक्के, लालला 21 आणि निळ्याला 7 टक्के वजन देतात, कारण डोळ्याला उजेड त्याच प्रमाणात जाणवतो. त्यामुळे शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल अक्षरं, रंग कितीही भडक असोत, जेमतेम 2.15:1 भरतात. पांढऱ्यावर पिवळी तर 1.07:1, म्हणजे जवळपास अदृश्यच. निळ्यावर पांढरी मात्र 8.6:1 पर्यंत जातात. आकाश, झाडी, साडीची जर अशी पार्श्वभूमी सतत बदलणारी असेल तर अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी टाकणं सगळ्यात बरं.

शेवटी फोटो सेव्ह करताना घ्यायची काळजी. शिरोरेषा दोन-तीन पिक्सेल जाडीची असते. ती पिक्सेलच्या ओळींवर नेमकी बसली तर धारदार दिसते. अर्ध्या पिक्सेलवर अडकली तर सॉफ्टवेअर कडेच्या ओळींना फिकट रंग देऊन वेळ मारून नेतं आणि रेघ धुरकट होते. म्हणून फोटो ज्या मापात पाठवायचा त्या मापात आधी आणावा, मग त्यावर लिहावं. नंतर लहान केला तर सगळ्याच शिरोरेषा अशा अर्ध्यामुर्ध्या ओळींवर येऊन पडतात. जेपेग चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारीक तपशील गाळतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती डागांसारखी जाळी उठते. शिवाय बहुतेकदा तो रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच ठेवतो; लाल अक्षरं हिरव्या झाडीवर पसरल्यासारखी दिसतात ती यामुळेच. पीएनजी असं काही गाळत नाही, फाइल मात्र मोठी होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. पत्रिका आणि नावांचे ग्रुप फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावेत.