घरगुती डस्ट सेपरेटर (माप कसं काढायचं)

डस्ट सेपरेटर म्हणजे सुतारकामाच्या मशीनमधून ओढलेला भुसा फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच हवेतून वेगळा पाडणारं भांडं. ते मशीन आणि ब्लोअरच्या मधे बसतं, हवा कडेने आत शिरून गोल फिरते, जड कण भिंतीला घासत खाली बादलीत पडतात आणि बरीचशी साफ झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. घरी बनवताना बहुतेक जण हाताशी जो ड्रम पडलाय त्याच्यावरून सेपरेटर ठरवतात आणि तिथेच गणित फसतं, कारण माप हवेवरून काढायचं असतं, ड्रमचा नंबर नंतर.

आधी पाइप बघा. भुसा पाइपात न साचता वाहत राहावा म्हणून हवेचा वेग मिनिटाला साधारण 4000 फूट धरतात. त्या हिशोबाने 4 इंची पाइपाला 350 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 350 घनफूट हवा लागते, 6 इंचीला 785 च्या आसपास आणि अडीच इंची होजला 136. खोक्यावर छापलेल्या सीएफएमवर जाऊ नका, तो आकडा सहसा पाइप न जोडता मोजलेला असतो, पुढे होज, वळणं आणि फिल्टर लागले की बराच खाली येतो. शॉप व्हॅक्यूमची (वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरची) ओढ जबरदस्त पण हवा कमी, डस्ट कलेक्टरचं (मोठ्या पंख्याने भुसा ओढणाऱ्या मशीनचं) बरोबर उलटं, म्हणून एकाचा सेपरेटर दुसऱ्याला चालत नाही. व्हॅक्यूमला मोठा सायक्लोन, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा सेपरेटर, लावला तर हवा आत नुसती रेंगाळते, फिरकी धरतच नाही.

शंकूच्या सायक्लोनसाठी लॅपल नावाच्या अभियंत्याची प्रमाणं सगळ्यात सोपी वाटतात. वरच्या नळकांड्याचा व्यास डी धरला तर आत शिरायचं चौकोनी तोंड डीच्या निम्मं उंच आणि पाव रुंद, बाहेर जायची नळी डीच्या निम्म्या व्यासाची, नळकांडं दोन डी उंच, शंकू दोन डी आणि भुसा पडायचं भोक पाव डी. आता तोंडाचं क्षेत्रफळ पाइपाएवढंच ठेवायचं म्हटलं तर डी येतो पाइपाच्या अडीचपट. म्हणजे 4 इंची पाइपाला 10 इंच, 6 इंचीला 15. पण उंची 4 डी, म्हणजे 10 इंची सायक्लोनसुद्धा 40 इंच उंच, त्याखाली परत ड्रम, छत बुटकं असेल तर हे आधीच मोजून घ्या.

व्यास अजून लहान केला तर कण जास्त चांगले वेगळे पडतात, पण हवेचा वेगही वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की दाबाचं नुकसान जवळपास चौपट होतं आणि मशीनपाशी ओढच उरत नाही. मधली नळी मात्र तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा थोडी खाली उतरलीच पाहिजे, नाहीतर आत आलेला भुसा फिरायच्या आधीच सरळ वर ओढला जातो.

उंची परवडत नसेल तर थीन बॅफलचा बुटका सेपरेटर करतात, त्यात शंकूऐवजी एक आडवी गोल फळी असते आणि तिच्या कडेला साधारण 240 अंशांची, सव्वा इंचाहून किंचित कमी रुंदीची फट, तिच्यातून भुसा खाली पडतो. ढलप्यांसाठी उत्तम, बारीक धुळीला सायक्लोनच बरा.

खालची बादली हवाबंद हवी, यात अजिबात कंजूषी नको. फिरत्या हवेच्या मधोमध दाब कमी असतो, त्यामुळे झाकणाला बारीक फट राहिली तरी बाहेरची हवा आत घुसून पडलेला भुसा परत वर उडवते. पारदर्शक भांडं असेल तर हे डोळ्यांनी दिसतं, सगळं नीट असताना भुशाची रेघ पीळ घेत भिंतीवरून खाली उतरते, गळती असली की तीच रेघ तळाशी भोवऱ्यासारखी नाचत राहते. बादली पाऊण भरली की रिकामी करा. होज तुंबला तर तगडा शॉप व्हॅक्यूम 80 इंच पाण्याच्या उंचीएवढी ओढ लावू शकतो, म्हणजे 12 इंची झाकणावर जवळपास दीडशे किलोचा भार, पातळ बादली सरळ आत चेपते. जाड ड्रम घ्या किंवा आतून आधाराचं कडं लावा.

आणि फिल्टर काढू नका. फुफ्फुसात खोल जाणारे अगदी बारीक कण सेपरेटरमधून बऱ्यापैकी निसटतात, आणि लाकडाची धूळ कॅन्सर करते हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेलं आहे. ग्राइंडरच्या ठिणग्या तर या ड्रममध्ये कधीच ओढू नका, कोरडा भुसा आतल्या आत धुमसत राहतो.